न चावणारी मूठ

एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याला तसा काही अधिकार असावा लागतो, असं मला वाटतं. माझ्याकडे तो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील रेल्वेच्या गँगमध्ये रुळाखाली खडी भरतात. त्यांना सही येते, तीही अलीकडेच येऊ लागली. शाळेत मी जे निबंध लिहिले ते थोर पुरुषांवर, आणि थोर पुरुषांची माहिती पुस्तकात तयार असते. सखारामजींची माहिती कुठल्याच पुस्तकात नाही. शिवाय त्यांना जो रोग होता त्याचं नाव आमच्या वस्तीत अजून कोणी मोठ्यानं घेत नाही. तेव्हा मी हे लिहिणं योग्य की अयोग्य, हेही मला नीट सांगता येणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. या सुटीत घरी गेलो तेव्हा त्यांची बातमी कळली, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, एवढंच माझं कारण.

सखारामजी आमचे शेजारी. सिंदीच्या स्टेशनामागे आमची वस्ती आहे, तिच्या टोकाला त्यांचं घर. ते रेल्वेत सांधेवाले होते. केबिनमधले लोखंडी खटके ओढून गाड्यांच्या वाटा बदलायचं काम. त्या खटक्यांना उघडा हात लावायचा नाही, घामानं लोखंड गंजतं, म्हणून सांधेवाला नेहमी फडक्यानं खटका धरतो. सखारामजींना ही सवय इतकी जडली होती की घरातही ते फडक्याशिवाय कशाला हात लावत नसत. दाराची कडी फडक्यानं, पाण्याची बादली फडक्यानं. खांद्यावर ते मळकट निळं फडकं कायम. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "मले बी फडक्यानंच हात धरून आनलं यायनं."

अंगानं ते किडकिडीत होते, पण पंजे मोठे, मनगटं रुंद. बोलणं कमी. मला ते 'कालेज' म्हणायचे. मी मॅट्रिकला होतो तेव्हापासूनच. "काय जी कालेज, आज कोन्तं बुक घोकलं?" मी कॉलेजात खरोखर जाईन अशी खात्री त्या वेळी मला नव्हती, त्यांना होती.

त्यांचा एकच शौक होता, गरीनं, म्हणजे गळानं, मासे धरायचा. गावाबाहेर शिंगाड्याच्या वेलांनी भरलेला एक जुना तलाव आहे. त्याच्या पाळीवर, बांधावर, ते तासन्‌तास बसत. जाळं टाकून टोपलंभर मासे काढणारे लोक त्यांना हसायचे. सखारामजींना मासे फार नको असायचे. त्यांना हवी असायची मरळ, तीही एखादीच, आणि ती हाताला कळली पाहिजे. मरळ वेलाखाली दबून असते, गरीला लावलेली बेंडकुळी, लहानसा बेडूक, दिसली की आधी नुसती हुंगते, मग घेते. ते हुंगणं दोऱ्यातून, काठीतून मुठीपर्यंत येतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. "ते जे मुठीत येते नं," ते सांगायचे, "ते एकदा आलं म्हनजे झालं. मंग मासा भेटो, नाई भेटो."

आणि नेमकं तेच त्यांच्या हातातून जाऊ लागलं होतं. मी पुढे जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीबद्दलच आहे. त्यांचा उजवा हात सुन्न होत चालला होता, आणि ज्यातून मासा कळेल अशी काठीची मूठ त्यांना हवी होती.

सुरुवातीला हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नाही.

काठी निवडण्याची त्यांची रीत वेगळी होती. बाकीचे लोक काठीचं टोक वाकवून पाहतात, लवते का, तुटते का. सखारामजी टोकाकडे पाहायचेच नाहीत. ते बुंध्याकडचा भाग हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि समोरच्याला टोक नखानं खाजवायला सांगायचे. ते खाजवणं मुठीत कळलं तर काठी बोलकी, नाही कळलं तर मुकी. बोलकी निघाली की मग मूठ. बांबूचं पेर तळव्यात रुतलं, कड लागली, तर ते म्हणायचे, "चावते." मग काचेच्या तुकड्यानं घासायचं, सुतळी गुंडाळायची, मेण चोळायचं, पुन्हा धरून पाहायचं. दुसऱ्या कोणाच्या हातात विळा किंवा कुऱ्हाड दिसली तरी ते विचारायचे, "चावते का?"

आमच्याकडच्या आठवडी बाजारात कवडू नावाचा बुरूड बसतो. सुपं, टोपल्या, शिड्या विकतो. सखारामजींसाठी तो भरीव बांबूच्या बारीक काठ्या वेगळ्या ठेवायचा. वस्तीतले सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सखारामजींच्या काठीला कीड लागली होती, म्हणून ते नवी घ्यायला गेले. मी सोबत होतो. त्यांनी एक काठी घेतली, डोळे मिटले.

"खाजव."

"खाजवून राह्यलो नं जी," कवडू म्हणाला.

"जोरानं खाजव."

"आता नख तुटन माहं."

"नाई. मुकी हाय. दुसरी दे."

दुसरी मुकी निघाली. तिसरीही. कवडूनं सगळ्या काठ्या पुढ्यात ओतल्या. आजूबाजूला चार माणसं जमली. कवडू हसत म्हणाला, "अजी सखारामजी, काकूले पाह्यले गेलते तवा बी एवढा वेळ लावला होता का?"

"तवा बापानं पसंत केलती. काठी मलेच पसंत करा लागते."

लोक हसले. पण सखारामजी हसत नव्हते. एकेक काठी धरायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. शेवटी ते वैतागले. "यंदाचा बांबूच मुका निपजला. कोन्या जंगलातला आनला बे?"

आता कवडूला राग आला. "माह्या बापापासून तोच डोंगर, तोच बांबू. गेल्या साली बोलत होता, यंदाच काऊन मुका झाला?" आणि त्यानं हातातली काठी माझ्याकडे दिली. "तू धर रे बाबू. मी खाजवतो."

मी डोळे मिटले. तळव्यावरून मुंगी चालत जावी तसं मला स्पष्ट कळलं.

"येते?" सखारामजींनी विचारलं.

"येते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुहा हात कवळा हाय. लेखनी धरनाऱ्याचा." आणि न घेताच परत फिरले. घरी येईपर्यंत बांबूलाच दोष देत होते. जंगलातून लवकर तोडला असेल, भट्टीवर जास्त शेकला असेल. एवढा आयुष्यभर काठ्या पारखलेला माणूस, पण हाताकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मला वाटतं, माणूस सगळ्यात शेवटी आपल्या हातावर संशय घेतो.

पावसाळ्यात एका घरी बारशाला चहा झाला. पितळेच्या गिलासात उकळता चहा. सगळ्यांनी धोतराच्या सोग्यानं, पदरानं गिलास धरले. सखारामजींचं फडकं त्या दिवशी कोणी तरी पोराचं नाक पुसायला नेलं होतं. त्यांनी गिलास तसाच उचलला आणि निवांत गप्पा मारत चहा संपवला. कोणी तरी कौतुकानं म्हणालं, "पाहा, सांधेवाल्याचा हात लोखंडाचा हाय." सखारामजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले. तेव्हा काकू घाबरल्या आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणीनं टोचून 'कळलं की सांगा' म्हणाले. हे काकूंनी माझ्या आईला सांगितलं, ते मी ऐकलं. "डाक्टर टोचून राह्यला, टोचून राह्यला, अन् हे चूप. मले वाटलं झोपले का काय." डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. रोग थांबेल म्हणाले, पण गेलेली संवेदना परत येणार नाही. बाहेर आल्यावर सखारामजी काकूंना एवढंच म्हणाले, "कवडूचा बांबू चांगला होता तं."

पुढच्याच बाजारात ते गेले, लोकांपुढे कवडूला तसं बोलून दाखवलं आणि त्यातलीच एक काठी घेऊन आले. पण आता बोलकी-मुकी पाहायची सोय राहिली नव्हती.

नोकरी सुटली. खटके ओढायला हात पाहिजे. सखारामजी आता रोज तलावावर जाऊ लागले, आणि त्यांचा मुठीचा शोध सुरू झाला. त्यांना वाटायचं की हात कमी ऐकतो ना, मग मूठच अशी करावी की ती त्याच्याशी जास्त बोलेल. आधी सुतळी काढून टाकली, नुसता बांबू धरला. मग अंबाडीचा जाड दोर गुंडाळला. मग कोणाच्या मोडक्या सायकलची रबरी मूठ आणून बसवली. रबर हाताला मऊ, सुखाचं, म्हणून ते खूश होते.

त्या रबरी मुठीच्या पहिल्याच दिवशी मी पाळीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. ते पाण्याकडे पाहत माझ्याशी बोलत होते, केबिनमधल्या कुठल्याशा जुन्या गोष्टीबद्दल. मला पाण्यात काही तरी हलताना दिसलं. काठी होती. शिंगाड्याच्या वेलांमधून ती सरसर आत चालली होती. मी ओरडलो. सखारामजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग आपल्या हाताकडे. मूठ आवळलेलीच होती. तिच्यात काही नव्हतं.

मी पाण्यात उतरू लागलो तर म्हणाले, "राहू दे. वेलात अडकशीन." मग म्हणाले, "मोठी असन रे ते." काठी दुसऱ्या दिवशी काठाला लागली. गरीला मासा नव्हता.

त्यानंतर त्यांनी एक जुनी आठवण धरली. पूर्वी एक इंजिन चालवणारा गोरा साहेब सिंदीला थांबला की तलावावर यायचा. त्याच्या काठीला बुचाची मूठ होती. 'हाताले लोन्यावानी लागे,' असं सखारामजी सांगायचे. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात जाऊ लागलो होतो. तिथल्या बर्डीच्या बाजारपेठेत खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं, त्यात तशा काठ्या मी काचेतून पाहिल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलं, आणि ते एका सकाळच्या गाडीनं आले. धुतलेला सदरा, पायात वहाणा, हातावर फडकं.

दुकानदार हिंदी बोलणारा, अदबशीर माणूस होता. "आइये, बैठिये," म्हणत त्यानं काठ्या काढल्या. सखारामजींनी एकेक मूठ निरखली. ही बारीक, बोटं एकमेकांवर येतात. ही जाड, पण खाली गोल नाही. तिसरी त्यांना आवडली. त्यांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "खाजव रे कालेज."

मी टोक खाजवू लागलो. दुकानदार गमतीनं पाहत होता. सखारामजींनी मूठ बदलून धरली, पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात फडकं सरकलं. करंगळी आत वळलेली, बोटांवर भाजल्याचे बरे न झालेले व्रण.

"ये हाथ को क्या हुआ?"

"जल गया, बाबूजी."

दुकानदाराचा चेहरा बदलला. "रख दीजिए. वहीं नीचे रख दीजिए." मग आत तोंड करून नोकराला म्हणाला, "फिनाइल ला रे, जल्दी."

सखारामजींनी काठी जमिनीवर ठेवली, अगदी हळू, टोक आपटणार नाही अशी. आम्ही पायरी उतरलो. ते रस्त्यावर थांबून काचेतून आत पाहत राहिले. नोकर ओल्या चिंधीनं ती मूठ खसाखसा पुसत होता.

"बुच ओलं नाई करा लागत," ते म्हणाले. "फुगते. सांगा लागन त्याले." पण सांगायला गेले नाहीत. स्टेशनापर्यंत आम्ही चालत आलो. गाडी यायच्या आधी म्हणाले, "चांगली मूठ होती. बिल्कुल चावत नवती." ती चावत नव्हती हे त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

इथे वस्तीबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितलं आहे. माझ्या आईनं मागितलं आहे. आता वस्तीला स्वतःची विहीर आहे, घराघरात पंचशील म्हटलं जातं. त्याच विहिरीवर काकू आल्या की बायका आपापल्या बादल्या बाजूला ओढू लागल्या. काकूंची दोरी तेवढी वेगळ्या खुंटीला टांगली जाऊ लागली. सखारामजींनी ती खुंटी पाहिली होती. त्या दिवसापासून त्यांनी पाळीवर जायची वाट बदलली. विहिरीवरून न जाता ते रुळांवरून वळसा घालून जाऊ लागले.

त्या हिवाळ्यात शनिवार-रविवारला घरी आलो तर ते अंगणात काठी घेऊन बसलेले. नवी मूठ होती, पण मूठ तरी कसली. काठीचा बुंधा त्यांनी लांब ठेवला होता, हातात धरली तर शेवट कोपराच्याही मागे जाईल असा, आणि त्या सगळ्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या होत्या. पट्टीनंच काठी हाताला बांधलेली.

"बस. खाजव."

मी टोकाशी बसलो, नख लावलं. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी बुंधा थोडा वर ओढला, कोपराच्या आतल्या बाजूला दाबला, आणि एकदम ओठ उघडले.

"बोलली."

"काय?" काकू चुलीपासून उठून आल्या.

"बोलली वं. कोपरात बोलली." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ओरडत होते, "अजून खाजव, अजून!" मी खाजवत राहिलो. काकूंनीही बसून खाजवलं. त्या म्हणाल्या, "सत्तर कामं सोडून बांबू खाजवाले बसवलं मले," आणि त्याही रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. दुपार कलल्यावर त्यांच्या कोपराला मरळ कळली. मला काहीच दिसलं नव्हतं. "हुंगून राह्यली," ते पुटपुटले, "थांब... थांब... घेतली." डाव्या हाताच्या आधारानं त्यांनी ती ओढून काढली. काळीभोर, पोटाशी पांढरी. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

मरळ त्यांनी परत येताना शेजारच्या घरी दिली. ज्या घरी बारशाचा चहा झाला होता, तिथेच. त्या बाईंनी हसून घेतली. संध्याकाळी ती मरळ मला उकिरड्यावर दिसली, अख्खी. सखारामजींनाही दिसली असावी, कारण त्यांचं घर तिथून समोरच होतं.

दोन-तीन आठवड्यांत कळलं की ते जायचं म्हणतात. अमरावतीकडे अशा रोग्यांची एक वसाहत आहे, तिथे. काकू सोबत यायला निघाल्या तर त्यांनी नाही म्हटलं. माझ्या वडिलांना म्हणाले, "मी गेलो म्हनजे तिची दोरी सगळ्यायच्या खुंटीले लागन. तेवढं पाहजो."

वडिलांनी गाडीनं जायचं सुचवलं. स्टेशन दोन पावलांवर, ओळखीची माणसं. सखारामजी म्हणाले, "नाई. कोन्ही डब्यातून उतरवलं तं? दुसऱ्या स्टेशनावर चालते. माह्या स्टेशनावर नाई." म्हणून बैलगाडी ठरली. ती कारंज्याच्या रस्त्याला लावणार आणि तिथून ओळखीचा एक ट्रकवाला पुढे नेणार.

ते गेले त्या सकाळी मी होतो. बैलगाडीत एक वळकटी, एक गिलास आणि ती काठी. काठी लांब, गाडीच्या मागून बाहेर आलेली, दर खड्ड्याला टोक हलायचं. वाट विहिरीवरून जात होती. बायका बादल्या धरून उभ्या राहिल्या. सखारामजींनी खांद्यावरचं निळं फडकं डाव्या हातात घेतलं आणि ते संथपणे हलवलं, केबिनमधून गाडीला हिरवी झेंडी दाखवतात तसं. मार्ग मोकळा आहे, जाऊ द्या. गाडी फाटकापलीकडे वळली, काठीचं टोक थोडा वेळ तुरीच्या शेतावरून दिसत राहिलं.

वर्ष उलटलं, पण त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. परीक्षा होत्या, वसतिगृह होतं. काकू मधून मधून त्यांना भेटायला जायच्या, एवढं घरून कळायचं. या सुटीत आलो आणि सहज आईला विचारलं, सखारामजी कसे आहेत. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते गेले नं. थंडीतच गेले. निमोनिया झालता म्हनते." थंडी संपून उन्हाळा लागला होता. अशा घरची बातमी आमच्याकडे कोणी मुद्दाम कळवत नाही.

मी काकूंकडे गेलो. त्या अंगणातल्या वांग्यांना आळं करत होत्या. मी विचारलं, काठी परत आणली का.

"काठी कुठची? कापली त्याइनं." त्या मातीतच बसून सांगू लागल्या. तिथे सगळ्यांचेच हात तसे. कोणाला बोटं नाहीत, कोणाला आहेत पण मेलेली. शेतात काम करायचे, खुरपी-विळ्यांच्या मुठींनी तळवे फाटायचे, अन् त्यांना कळायचंच नाही. "तं एक दिवस काठी घेतली अन् आरीनं तुकडे केले. दर तुकड्याची खुरपीले मूठ केली, माह्या लुगड्याच्या चिंध्या लावल्या. ज्याचा जसा हात, तशी मूठ."

"पण चावते की नाही, हे त्या लोकांना कळणार कसं?" मी विचारलं.

"तेच तं. त्याइले इचारून काय फायदा? म्हनून हे काम झाल्यावर हात उघडाले लावत. उजेडात धरत अन् पाहत. लाल झाला असन तं मूठ चावते. मंग पुन्हा घासत बसत."

काकूंच्या हातातल्या खुरपीची मूठ तशीच होती. वरच्या चिंधीवर लुगड्याचा हिरवा काठ अजून ओळखू येत होता. मी ती मागून घेतली आणि वाफ्याच्या कडेला बसून थोडा वेळ गवत काढलं. मग मी खुरपी परत दिली, तेव्हा काकूंनी माझा हात धरला, तळवा वर केला आणि उन्हाकडे वळवून नीट पाहिला.

"लाल नाई झाला," त्या म्हणाल्या.